आमची वाटचाल : बर्फाकडून पाच अंशांकडे

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतला आमचा गाळा मामंजींनी थर्माकोलच्या पेट्यांसाठी घेतला. बडोद्यात औषधांचा धंदा जुना, अलेंबिक तर 1907 सालापासूनचं. त्यामुळे पेट्यांसाठी गिऱ्हाईक शोधत फिरावं लागलं नाही. लस, इन्सुलिन, इंजेक्शनं भरायची पेटी आम्ही द्यायचो आणि आत ठेवायचे गारवा धरणारे जेल पॅक ज्याचे त्याने बाजारातून आणायचे. पेटीत काय ठेवतात, कसं ठेवतात हा आमचा विषय नव्हता. आज तोच आमचा मुख्य धंदा आहे.

लग्न होऊन दांडिया बाजारात आले तेव्हा माझी एम. एस. युनिव्हर्सिटीची रसायनशास्त्राची पदवी हातात होती. गाळ्यावर जायला लागले तशी तपासणीची बाजू माझ्याकडे आली. मशीन हे बघतात, विक्री भाऊजी.

एका मे महिन्यात नागपूरला गेलेलं इन्सुलिन परत आलं. बडोद्यात पारा 42च्या वर होता. वितरक म्हणाला, तुमचं थर्माकोल कमी पडलं, माल तापला. पेटीत डेटा लॉगर, म्हणजे वाटेतलं तापमान नोंदवणारं यंत्र, होतं म्हणून बरं. असा माल दोन ते आठ अंशांत ठेवायचा असतो. आलेख काढला तर तापमान आठ अंशांच्या वर चढलंच नव्हतं. निघाल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत ते शून्याच्या खाली गेलं होतं. भर उन्हाळ्यात औषध गोठलं होतं. डीप फ्रीझरमधून काढलेले जेल पॅक थेट कुप्यांना लावून ठेवले होते.

तापलेल्या औषधाची भीती सगळ्यांना असते, गोठलेल्याची फार थोड्यांना. गोठून पुन्हा वितळलेलं इन्सुलिन दिसायला बरंचसं नेहमीसारखंच असू शकतं, पण ते टाकूनच द्यावं लागतं. हिपॅटायटिस बी, धनुर्वात, पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस) या लशींत ॲल्युमिनियमचं संयुग असतं. त्या एकदा गोठल्या की त्यातले कण एकमेकांना चिकटतात आणि लशीचा गुण उतरतो. कुपी हलवून ठेवली तर असे कण भराभर तळाशी बसतात, म्हणून संशय आला की आरोग्य खात्यातले लोक कुपी हलवून बघतात. वाटेत बसलेला गारठा पेटी उघडताना दिसत नाही, म्हणून मला तो उष्णतेपेक्षा जास्त धोक्याचा वाटतो.

मी हिशेब मांडून बघितला. एक किलो बर्फ वितळताना 334 किलोज्यूल उष्णता ओढून घेतो. तोच बर्फ उणे 18 अंशांवरून शून्यावर येईपर्यंत मात्र जेमतेम 38 किलोज्यूल घेतो. म्हणजे फ्रीझरच्या त्या जादा गारठ्यातून एकूण कामाचा दहावा हिस्सा मिळतो, आणि औषध गोठवायचं काम तोच करतो. लसीकरणात आइस पॅक बाहेर काढून आत पाणी डुचमळायला लागेपर्यंत थांबतात ते याचसाठी. पद्धत चोख आहे. पण संध्याकाळी सहाची गाडी पकडायची घाई असलेल्या डिस्पॅचमध्ये पॅक हलवून पाणी वाजतंय का हे ऐकत कोण बसतं? ‘बेन, बरफ एटले बरफ,’ म्हणजे ताई, बर्फ तो बर्फच, असं मला एका गोदामात ऐकवलं होतं.

तेव्हा बर्फच बदलायचं ठरलं. दोन ते आठच्या मधोमध, पाचेक अंशांवर वितळणारा आणि त्याच अंशावर गोठणारा पदार्थ हवा होता. फेज चेंज मटेरियल म्हणतात ते हेच. गिऱ्हाईक आणि आम्ही पीसीएम म्हणतो.

दोन वाटा होत्या. एक क्षारांची. त्यात पाणी धरून ठेवणारे क्षार वापरतात. ते स्वस्त पडतात आणि पेट घेत नाहीत. पण वितळताना क्षार तळाशी बसतो, आणि गोठण्याच्या अंशाच्या बरंच खाली गेलं तरी द्रव द्रवच राहतो. ही अडचण जुनीच. 1948 साली अमेरिकेत डोव्हरला शास्त्रज्ञ मारिया टेल्केश यांनी ग्लाउबर क्षारात (सोडियम सल्फेटमध्ये) सूर्याची उष्णता साठवून घर ऊबदार ठेवलं होतं. काही हिवाळ्यांनंतर तिथेही क्षार वेगळा पडून काम बिघडलं. गोठण सुरू व्हावी म्हणून त्या क्षारात बोरॅक्स घालतात. पाच अंशांसाठी असं भरवशाचं मिश्रण आमच्या छोट्या गाळ्यात बसवणं अवघड होतं.

दुसरी वाट पॅराफिनची, म्हणजे मेणाच्या जातीच्या पदार्थांची, ती आम्ही धरली. त्यातलं टेट्राडेकेन सहा अंशांच्या आसपास वितळतं आणि किलोमागे साधारण 220 किलोज्यूल घेतं, म्हणजे बर्फाच्या दोन तृतीयांश. शिवाय ते हलकं. किलोभर द्रवाला सव्वा लिटरहून जास्त जागा लागते. तेवढ्याच प्रवासाला पेटी मोठी होते, आणि हे गिऱ्हाइकाला मी आधीच सांगते. पाणी गोठताना फुगतं, पॅराफिन वितळताना. म्हणून बाटली काठोकाठ भरायची नाही. साध्या पॉलिथिनमधून ते हळूहळू पाझरतं, सबब पाऊच अनेक थरांचे लागतात. ते पेट घेऊ शकतं, म्हणून पत्र्याची कपाटं आणि अग्निशामक नळकांडी गाळ्यात आधी आली, माल नंतर.

पॅकची जागाही बदलली. बर्फ वर ठेवला तरी भागायचं, कारण फरक मोठा असायचा. पीसीएमच्या पाच-सहा अंशांत आणि आठच्या मर्यादेत अंतर फार कमी. उष्णता सहाही बाजूंनी आत येते, तेव्हा पॅकही सहाही बाजूंना हवेत. यांनी पेटीच्या आत खाचा काढल्या. आता भरणाऱ्याला पॅक चुकीच्या ठिकाणी ठेवताच येत नाही. आमच्या सगळ्या कामात मला याचा अभिमान सर्वांत जास्त आहे.

हे पॅकही उणे 18च्या फ्रीझरमधून काढून लगेच भरले तर तोच घोटाळा होतो. शून्याच्या आसपास लावलेल्या थंड कपाटातच ते गोठवायचे. तिथे त्यांना वेळ लागतो, रात्रभरापेक्षा जास्तही. गिऱ्हाइकाला माल देण्याआधी मी स्वतः गोदामात जाऊन पॅकर मंडळींना हे दाखवते आणि सूचनांचा कागद गुजराती, हिंदी, मराठीत कपाटावर चिकटवते. त्याचे पैसे मिळत नाहीत. तरी ते केल्याशिवाय मी माल सोडत नाही.

किमतीत जेल पॅकशी बरोबरी होत नाही. पीसीएम परवडतो तो पुन्हा पुन्हा वापरला तरच, आणि त्यासाठी रिकामी पेटी परत यायला हवी. लांबच्या कुरियरमधून ती क्वचित येते. सुरत, राजकोट, अहमदाबाद अशा रोजच्या टेम्पोच्या फेऱ्यांवर येते, म्हणून भाऊजींनी आधी तेच वितरक धरले. गावातल्या गावात तासाभरात पोचणाऱ्या मालाला मी अजूनही नीट तयार केलेले साधे आइस पॅकच घ्यायला सांगते. पोलिओचे थेंब गोठलेले चालतात, तिथेही बर्फ उत्तम.

थंडीतही या पॅकचा उपयोग होतो, हे आम्हाला नंतर उमगलं. जानेवारीत श्रीनगरला जाणाऱ्या मालाला गारठ्यापासूनच वाचवायचं असतं. तिथे पॅक न गोठवता, वितळलेले भरायचे. बाहेरचा पारा शून्याखाली गेला की ते गोठू लागतात आणि गोठताना साठवलेली उष्णता पेटीत सोडतात. उन्हाळ्याची आणि हिवाळ्याची पेटी एकच, फक्त भरण्याची रीत उलटी. सध्या त्याच पेटीच्या चाचण्या गाळ्यामागच्या शीतखोलीत चालू आहेत. बाहेर उणे पाच अंश ठेवून आत चारही कोपऱ्यांना आणि मध्यभागी लॉगर लावले आहेत. कोपरे अजून मध्यापेक्षा लवकर उतरतात, म्हणून तिथले पॅक थोडे जाड करून घेतोय.