कोडाईकनालचा सूर्य आणि बाबांची तिरपी नजर

कोडाईकनालला आम्ही चार दिवस होतो. तलावाला एक फेरी झाली. पाइनच्या झाडांत फोटो काढणाऱ्यांची झुंबड पाहिली, पिलर रॉक्ससमोर अर्धा तास उभं राहून फक्त पांढरं धुकं पाहिलं. पावलापावलावर घरगुती चॉकलेटची दुकानं. मदुराईहून वर येणाऱ्या घाटात बाबांना फार त्रास झाला, आणि गाडीचा ई-पास ऐनवेळी काढताना माझा जीव मेटाकुटीला आला. तो घरूनच काढून निघा. बाकी सांगण्यासारखं आहे ते एका सकाळचं.

बाबांना सूर्य बघायचा होता.

हे कळायला त्यांच्या डोळ्यांबद्दल सांगावं लागेल. त्यांना मॅक्युलर डीजनरेशन आहे. दृष्टिपटलाचा मधला भाग निकामी होत जातो, त्यामुळे ज्याच्याकडे थेट पाहावं नेमकं तेच पुसलं जातं आणि आजूबाजूचं दिसत राहतं. मी समोर बसले तर माझा चेहरा त्यांना दिसत नाही, पण माझ्या मागचा पडदा वाऱ्याने हलला तर कळतो. म्हणून ते हल्ली माझ्या कानाकडे बघून माझ्याशी बोलतात. छत्तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलेला माणूस आता पेपरातले मथळेही वाचू शकत नाही.

दोन वर्षांपूर्वी थंडीत मी त्यांना एका आकाशदर्शनाला नेलं होतं. गावाबाहेरचा माळ, तीन दुर्बिणी, आणि प्रत्येक दुर्बिणीमागे चाळीस-पन्नास माणसांची रांग. पाऊण तासाने आमचा नंबर लागला. दुर्बिणीत गुरू होता. मी डोळा लावला तर पट्टे दिसले आणि एका ओळीत चारही चंद्र. १६१० साली गॅलिलिओने पाहिले तेच हे चार, असं बाबा आम्हाला लहानपणी गच्चीवर सांगायचे. मग ते वाकले. त्यांना आयपीसचं, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाचं, भोकच सापडेना. सापडलं तेव्हा मधोमध असलेला गुरू त्यांच्या नजरेतल्या त्या कोऱ्या जागेत गेला असणार. ते मान इकडेतिकडे करू लागले तसा दुर्बिणीला धक्का लागला, मागून कोणीतरी "काका, लवकर" म्हणालं, दुर्बीण सांभाळणाऱ्या मुलानेही "चला, पुढचे" केलं.

आणि मी बाबांचं कोपर धरून त्यांना बाजूला ओढलं.

"दिसलं, दिसलं," ते म्हणाले. त्यांना काहीही दिसलं नव्हतं हे मला माहीत होतं. घरी येईपर्यंत आम्ही जेवणाबद्दल बोललो. रांगेतल्या लोकांचा राग मला बरेच दिवस येत होता, पण ओढलं मीच होतं. मंद तारकापुंज दिसत नसेल तर त्याच्याकडे थेट पाहू नका, नजर जरा बाजूला ठेवा, असं त्याच कार्यक्रमात आधी सांगितलं होतं. दृष्टिपटलावर मध्यापासून थोडं लांब, अंधुक प्रकाश टिपणाऱ्या पेशी जास्त असतात म्हणून. म्हणजे बाबा रोज जसं बघतात तसंच. त्यांना मिनिटभर दिलं असतं तर कदाचित जमलं असतं.

कोडाईकनालच्या सौर वेधशाळेच्या संग्रहालयात सूर्याची प्रतिमा थेट दाखवतात, हे मी वाचलं होतं. आयपीस नाही, डोळा लावायचा नाही. म्हणून हा सगळा घाट.

वेधशाळा गावाच्या वर, २३०० मीटरहून जास्त उंचीवर आहे. सकाळी पोचलो तेव्हा ढग होते. चित्रं आणि प्रतिकृती पाहत, मी वाचतेय आणि बाबा ऐकतायत, असा वेळ काढला. १८७६ ते ७८ चा भीषण दुष्काळ आपल्याकडे दख्खननेही भोगला. त्यानंतर सूर्यावरच्या डागांचा आणि पावसाचा काही संबंध आहे का, हे तपासायला हवं असा विचार पुढे आला, आणि त्यातून अखेर १८९९ साली ही वेधशाळा उभी राहिली. पावसाचं गणित त्या डागांतून सुटलं नाही, पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ढग नसेल त्या दिवशी इथे सूर्याचे फोटो निघत राहिले. बाबांना हे फार आवडलं. "रोजची हजेरी," म्हणाले.

साडेदहाच्या सुमाराला ऊन पडलं आणि सूर्य आत आला.

अंधाऱ्या जागेत पांढरी गोल चकती. कडा सारखी थरथरत होती, उकळत्या पाण्यावरून पाहिल्यासारखी. ते थरथरणं आपल्या हवेचं, सूर्याचं नव्हे. मी काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, "कडेला काळवंडलाय."

मला ते दिसलंच नव्हतं. मी डाग शोधत होते. नीट पाहिलं तर खरंच मध्यभाग उजळ आणि कडेकडे जावं तसा मळकट. तिथे आपली नजर तिरकी शिरते, फार खोल पोचत नाही, वरचे थोडे थंड थर तेवढे दिसतात म्हणून. बाबांनी मान वळवून, जणू शेजारच्या भिंतीकडे पाहत, ते टिपलं होतं.

"डाग आहेत का गं?"

"आहेत. एक मोठा आहे, त्याच्या मागे बारके."

"कुठे?"

सांगायचं कसं? त्यांनी अंदाजाने हात पुढे केला, तशी बोटांची सावली सूर्यावर पडली. त्यांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला आणि दाराशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला सॉरी म्हणाले. तो इंग्रजीत म्हणाला, काही हरकत नाही सर, सावकाश बघा. मी बाबांची तर्जनी धरली आणि तिच्या सावलीचं टोक डागाशी नेऊन ठेवलं. "इथे. आता हात काढा, पण जागा सोडू नका."

ते मान थोडी डावीकडे, थोडी खाली, पुन्हा डावीकडे करत राहिले. किती वेळ गेला सांगता येणार नाही. कोणीही काही म्हणालं नाही.

"आहे," ते म्हणाले. "आत्ता होता. गेला. आहे!"

या वेळी आवाज वेगळा होता. मला तो आवाज ओळखता येतो.

मी त्यांना सांगत गेले. डागाचा गाभा गडद, भोवती फिकट झालर. १९०९ साली खगोलशास्त्रज्ञ जॉन एव्हरशेड यांना इथेच, या झालरीच्या वर्णपटातल्या, म्हणजे तिचा प्रकाश फाकवल्यावर मिळणाऱ्या रंगपट्ट्यातल्या, काळ्या रेषा सरकलेल्या दिसल्या. डाग सूर्याच्या कडेकडे असताना झालरीच्या एका बाजूला रेषा निळ्याकडे, दुसऱ्या बाजूला तांबड्याकडे. आपल्याकडे येणाऱ्या वायूच्या रेषा निळ्याकडे सरकतात, लांब जाणाऱ्याच्या तांबड्याकडे. म्हणजे तिथला वायू गाभ्यापासून बाहेर वाहतोय. "नुसत्या रेषांवरून वारा मोजला," बाबा दोनदा म्हणाले.

सूर्याचा वर्णपटही तिथे मांडलेला असतो, तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतचा पट्टा आणि त्यात बारीक काळ्या उभ्या रेषा. रंग बाबांना दिसले, रेषा नाहीत. त्यांनी प्रयत्न केला, मग मला म्हणाले, "तू बघ. पिवळ्यात बघ."

तेवढ्यात शाळेची सहल आत आली आणि आमच्या भोवती पोरांचा गराडा पडला. कोणाला हलावं लागलं नाही. सूर्य सगळ्यांना पुरत होता.

मी पिवळ्यात पाहिलं. दहावीत बाबांनी प्लॅटिनमच्या तारेवर मीठ घेऊन बर्नरच्या ज्योतीत धरलं होतं आणि ज्योत भडक पिवळी झाली होती, ते आठवलं. मिठातल्या त्याच सोडियमने सूर्याच्या उजेडातून नेमका तोच पिवळा गाळून घेतला की तिथे काळी रेघ उमटते. मला ती सापडली.

"आहे," मी म्हणाले. "जाड आहे."

"एक की दोन?"

"एक."

"नीट बघ. घाई करू नकोस."

माझ्या कानाकडे बघत ते थांबून राहिले. मी पुढे वाकून पुन्हा पाहिलं.

"दोन," मी म्हणाले. "अगदी शेजारी शेजारी."

"हां," बाबा म्हणाले. "दोन."