टेप हळू नव्हती, बँडच खाली उतरत होता

फिलाडेल्फियात मी जुन्या टेप डिजिटाइझ करतो. रोजचं काम म्हणजे चर्चमधली प्रवचनं, लग्नं, कोणाच्या तरी आजीचा आवाज, असलंच. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात एक तरुण मुलगा खोकं घेऊन आला आणि म्हणाला की माझे काका सत्तरच्या दशकात स्पेस जॅझ वाजवायचे, त्यांच्या बँडच्या टेप आहेत, तेव्हा मी हातातलं काम ठेवून आधी ते खोकंच उघडलं.

इथे थोडं सांगायला लागेल, कारण हे शहर सन रा यांचं, स्पेस जॅझ म्हणजे अंतराळाच्या कल्पनांवर जॅझ वाजवणारे बँडप्रमुख. जन्म १९१४, अलाबामातल्या बर्मिंगहॅमचा, पण ते म्हणायचे मी शनी ग्रहावरचा, आणि आयुष्यभर तेच म्हणत राहिले. १९६८ मध्ये अख्खा आर्केस्ट्रा घेऊन ते इथे जर्मनटाउनमध्ये मॉर्टन स्ट्रीटवरच्या एका घरात आले, वादक तिथेच राहायचे आणि तासन्‌तास रिहर्सल. १९७० च्या आसपास सिंथेसायझर बनवणारे बॉब मूग यांनी त्यांना मिनीमूग ह्या छोट्या सिंथेसायझरचा (विजेवर स्वर काढणाऱ्या कीबोर्डचा) बाजारात यायच्या आधीचा एक प्रोटोटाइप वापरायला दिला. मिनीमूग म्हणजे तीन ऑसिलेटर (स्वर काढणारे भाग), एक नॉइज जनरेटर (घसघस काढणारा), एक फिल्टर (आवाजातला नको तो भाग गाळणारा), आणि एका वेळी एकच स्वर वाजणार. एवढ्यावर ह्या माणसाने रॉकेटं उडवली, तारे फोडले, आणि खाली बारा-पंधरा जणांचा ब्रास आणि ड्रम्स चालूच. १९९३ मध्ये ते गेले, पण बँड आजही वाजवतो, त्यातले जुने सॅक्सोफोनवादक मार्शल ॲलन यांनी २०२४ मध्ये वयाची शंभरी गाठली. लोक ह्या संगीताला गोंधळ म्हणतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं, कारण ह्यांच्या इतकी शिस्त मी फार कमी बँडमध्ये ऐकली आहे.

तर मुलाचे काका त्याच भागातले, ड्रमर. खिडकीखाली उभं राहून त्या घरातल्या रिहर्सल ऐकायचे आणि मग मित्रांना जमवून स्वतःचा छोटा बँड काढला. दोन सॅक्स, ट्रॉम्बोन, बास, ड्रम्स आणि मिनीमूग. रेकॉर्ड कधी निघाली नाही, ह्या टेप तेवढ्या राहिल्या.

पाव इंची टेप, सात इंची रिळं, पाठीमागून काळं कोटिंग. असं काळं कोटिंग दिसलं की मी थेट मशीनवर लावतच नाही. त्या काळातल्या अशा बऱ्याच टेपचा बाइंडर (चुंबकीय कण टेपला धरून ठेवणारा चिकट थर) हवेतला ओलावा ओढतो, टेप चिकट होते, मशीनच्या हेडवर किंचाळायला लागते आणि चूर्ण सोडते. मग ती साधारण ५४ डिग्री सेल्सिअसला आठेक तास भाजायची, तेवढाच वेळ गार होऊ द्यायची, की काही दिवस नीट वाजते. (घरी कोणाकडे पन्नास-साठच्या दशकातल्या ॲसिटेटच्या टेप असतील तर त्या अजिबात भाजू नका, वाट लागेल. उजेडासमोर रीळ धरलं आणि आरपार उजेड दिसला तर ती ॲसिटेट.)

दुसऱ्या दिवशी तो मुलगा समोर बसला होता, टेप चालू केली. सेकंदाला साडेसात इंचांचा वेग, म्हणजे बाराशे फुटांचं रीळ बत्तीस मिनिटं. सुरुवातीला नुसता नॉइज, वाऱ्यासारखा, हळूहळू वर चढणारा. मुलगा म्हणाला, "ही घसघस काढता येईल ना?" मी त्याला स्क्रीनवर दाखवलं, टेपची स्वतःची हिस, म्हणजे बारीक सूं, सगळीकडे सारखी पसरलेली असते, आणि हा पट्टा बघ कसा वर-खाली फिरतोय, म्हणजे कोणीतरी फिल्टरचा नॉब हाताने फिरवतंय, हे वाजवलेलं आहे. घसघस पुसणारं डीनॉइजचं सॉफ्टवेअर लावलं असतं तर काकांच्या बँडचं रॉकेटच पुसलं गेलं असतं.

मग विसाव्या मिनिटाच्या आसपास सगळंच खाली जायला लागलं. एकदम नाही, हळूहळू, पण कान असलेल्या कोणालाही कळेल असं, मिनीमूग, दोन्ही सॅक्स, ट्रॉम्बोन, बास, सगळे मिळून. शेवटाकडे जवळजवळ पाव स्वर उतरलेले. मुलगा म्हणाला मशीन हळू झालं असणार, पिच सरळ करून द्या. शंका रास्त होती. रीळ संपत आलं की टेपवरचा ताण बदलतो आणि त्याने वेगही बदलू शकतो, मी हे कितीदा पाहिलंय.

पण ह्याला एक साक्षीदार असतो, तो म्हणजे हम. अमेरिकेत मेन्सची वीज ६० हर्ट्झची (आपल्याकडे ५०), आणि ॲम्प, केबल यांच्यातून ती बारीक घूं टेपवर उतरतेच. टेपचा वेग बिघडला तर संगीताबरोबर हमसुद्धा हलणार. पाव स्वर उतरलाय म्हणजे ६० चा हम ५८ आणि काहीतरी दिसायला हवा. मी स्पेक्ट्रम, म्हणजे आवाजातल्या कंपनसंख्यांचा आलेख, उघडला, शेवटच्या भागावर झूम केलं आणि रेघ ६० वर ठाम. तरी मनात आलं की हा हम माझ्याच मशीनचा असला तर? म्हणून मुद्दाम मशीनचा वेग थोडा वाढवला, रेघ लगेच वर सरकली, म्हणजे हम टेपवरचाच. टेप बरोबर होती. बँड खाली उतरत होता.

अंगावर काटा आला, खरं सांगतो. जुन्या मिनीमूगचे ऑसिलेटर खोली तापली की सरकतात हे माहीत आहे, पण सॅक्स आपोआप नाही सरकत, ओठ सैल करून स्वर दाबून ठेवावा लागतो, तोही इतकी मिनिटं, दोघांनी एकाच मापाने. भजनात बुवांचा स्वर उतरला तरी सगळे त्यांनाच धरून राहतात ना, तसे हे राहिले होते.

मुलाने तिथूनच काकांना व्हिडिओ कॉल लावला. वय ऐंशीच्या पुढचं, नाकात ऑक्सिजनची नळी, पण स्पीकरवर तो भाग लावला आणि ते हसायलाच लागले. मी विचारलं, "मिनीमूग गरम झाला होता का?"

"गरम? छे हो. मिनीमूग वाजवणारा नॉब फिरवायचा. ट्यूनिंगचा. कोणाला न सांगता, केसाएवढा केसाएवढा. बघायचा कोण ऐकतंय. ज्याचं लक्ष नाही तो मागे राहणार, आणि दुसऱ्या दिवशी रिहर्सलला सगळ्यांसमोर बोलणी खाणार."

"पण तुम्ही तर ड्रमर."

"मलासुद्धा सोडायचा नाही. स्नेअर ड्रमचं कातडं सैल करत जायचो मी, वाजवता वाजवता. ऐका नीट."

आम्ही मागे नेऊन पुन्हा ऐकलं आणि स्नेअर खरंच सैल होत गेलेला, तोपर्यंत माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

पिच सरळ केलेली कॉपी मुलाने मग मागितली नाही. फाइल जशीच्या तशी दिली, हमसुद्धा ठेवला, कारण तोच पुरावा आहे. सोबतच्या कागदावर लिहिलं: वेग ६० हर्ट्झच्या हमवरून तपासला, बरोबर आहे, विसाव्या मिनिटापासून उतरणारा स्वर वाजवलेला आहे, दुरुस्त करू नये. काकांनी तो कागद फोनवर दोनदा वाचायला लावला, आणि खाली मिनीमूग वाजवणाऱ्याचं नाव घालायला सांगितलं, ते मी मोठ्या अक्षरात घातलं.