ऑक्टाव्हिया आरएस, ४०२ मीटर: आधी पहिले अठरा मीटर

ड्रॅग शर्यतीच्या (उभ्या गाडीतून सरळ ४०२ मीटर धाव) हंगामाच्या सगळ्या स्लिपा, म्हणजे वेळ आणि वेग छापलेल्या चिठ्ठ्या, एकत्र मांडल्या आणि पुढच्या खर्चाचा क्रम एकदाचा ठरला. 'डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप) घेऊ का टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) बदलू' हा प्रश्न आपल्यात सतत फिरतो, म्हणून आकड्यांसकट लिहितोय.

गाडी जुनीच. स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३०, २०१७ ची. १९८४ सीसी, कागदावर २३० पीएस (ताकद) आणि ३५० एनएम (टॉर्क), सहा गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, आणि ताकद सगळी पुढच्या चाकांवर. मी आत बसलो आणि थोडं पेट्रोल धरलं की वजन साधारण दीड टन.

मूळ अवस्थेत गाडीने १४.८५ सेकंद घेतले आणि शेवटच्या रेषेवर वेग होता ताशी १५४ किलोमीटर. ९५ ऑक्टेनवर बांधलेला स्टेज वन मॅप (इंजिनाच्या संगणकातली पहिल्या पायरीची ट्यूनिंग फाइल) टाकल्यावर वेळ १४.३५ आणि वेग १६५. अर्धा सेकंद निघाला म्हणून पोरांनी चहा उकळला माझ्याकडून. पण स्लिप नीट बघा. वेगात ११ ची उडी आहे, वेळेत मात्र तेवढी कमाई नाही.

रेषेवरचा वेग जवळजवळ पूर्णपणे ताकद आणि वजन यांवर ठरतो. सुरुवातीला चाकं घसरली तरी तो फारसा पडत नाही. वेळेचं गणित मात्र सुटतानाच बिघडतं. जुनं ठोकताळ्याचं सूत्र आपल्या मापांत असं बसतं: ताकदीला (एचपी) किलोतल्या वजनाने भागा, घनमूळ काढा, २८९ ने गुणा, की ताशी किलोमीटर मिळतात. उलट बाजूने वजनाला ताकदीने भागून घनमूळ काढा आणि ७.५८ ने गुणा, की चांगली पकड मिळालेल्या गाडीची वेळ मिळते. सूत्र अंदाजाचंच आहे, पण तुलनेला उत्तम.

१५४ चा वेग म्हणजे सुमारे २२७ एचपी, म्हणजे कंपनी खरं बोलत होती. या ताकदीला सूत्राची वेळ १४.२ येते. माझी १४.८५, म्हणजे फरक सहा दशांशांचा. स्टेज वनचा १६५ वेग म्हणजे २८० च्या आसपास, सूत्राची वेळ १३.३ आणि माझी १४.३५. फरक थेट एका सेकंदावर गेला. पन्नासेक घोडे विकत घेतले आणि त्यातले बरेचसे धूर होऊन उडाले. हा फरक वाढत असेल तर पुढचा पैसा इंजिनावर घालायचा नाही, एवढं सरळ आहे.

खात्री करायची तर स्लिपवरचा पहिला टप्पा बघा, साठ फुटांचा, म्हणजे १८.३ मीटरचा. मूळ गाडी तिथे २.२५ सेकंदांत पोचायची. मॅपनंतर २.३८. ताकद वाढून गाडी सुटायला हळू झाली! इथे गमावलेला एक दशांश शेवटी दीड-दोन दशांश होऊन अंगावर येतो, कारण तो तोटा पुढचं सगळं अंतर तुमच्याबरोबर धावतो.

त्यामुळे पहिला हात लावला तो सुटण्याला. सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे खालच्या इंजिन माउंटमधला पॉलियुरेथेनचा तुकडा. आपल्याकडे त्याला डॉगबोन म्हणतात. मूळ रबर मऊ असतं, घरच्या वापराला छान. पण पूर्ण टॉर्क आला की इंजिन मागे झुकतं, टायर पकडतो, सुटतो, परत पकडतो आणि पुढचं सगळं धडधडायला लागतं. व्हिडिओ हळू करून पाहिला तर पुढचं चाक कमानीत वरखाली नाचताना स्पष्ट दिसतं. या नाचात ड्राइव्हशाफ्ट जातात. तुकडा बसवला आणि नाच जवळजवळ थांबला. बदल्यात सिग्नलला उभं असताना स्टिअरिंग थरथरतं. बायकोला ते अजिबात आवडलेलं नाही, पण तिला कारण सांगितलेलं नाही.

दुसरी गोष्ट फुकटात झाली. मॅप करणाऱ्याला सांगून पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमधला टॉर्क उतरवला. तिसऱ्यापासून पूर्ण. पुढच्या चाकांची गाडी सुटताना वजन मागे सरकतं, म्हणजे ज्या टायरवर काम आहे त्याच्यावरचाच भार हलका होतो. तिथे ४०० च्या वर एनएम ओतून काय साधणार? हे सगळ्यांना पटवणं अवघड जातं, कारण डायनोच्या (ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या) कागदावर हा बदल दिसतच नाही.

तिसरी गोष्ट टायर. माझ्याकडे १७ इंची रिम आहेत, हे नशीब. १८ इंचीपेक्षा बाजूची भिंत उंच मिळते आणि सुटताना तेवढीच लवचीकता. पुढे मऊ कंपाउंडचे सेमी-स्लिक (कमी खाचांचे, जास्त पकडीचे शर्यतीचे टायर), मागे नेहमीचेच. जून २०२० पासून टायरच्या आयातीवर निर्बंध आहेत, त्यामुळे हव्या त्या मापाचा टायर मिळवणं हीच एक शर्यत आहे. मिळाला तर तयार झाल्याची तारीख बघा. दुकानात पडून कडक झालेला सेमी-स्लिक साध्या टायरपेक्षा वाईट. हवा मी पुढे २४ पीएसआयवर आणली. त्याखाली गेलो की शेवटच्या टप्प्यात गाडी पोहल्यासारखी वाटते, वेग १६० च्या पुढे असताना ते नको.

आणि वजन. स्टेपनी, जॅक, मागच्या सीटची बैठक, डिकीतला संसार हे सगळं काढलं. ठोकताळा असा की ४५ किलो काढले की एक दशांश मिळतो. आपल्या गाडीत हे वजन मागून जातं, म्हणजे टक्केवारीने पुढचा भार वाढतो. दुहेरी फायदा.

एवढं करून १८ मीटर २.१२ वर आले आणि पूर्ण धाव १३.९ वर, रेषेवरचा वेग १६६. इंजिनावर मॅपच्या फाइलपलीकडे एक रुपया नाही. सूत्राशी फरक परत साडेसहा-सात दशांशांवर आला. आता कुठे ताकदीबद्दल बोलायला तोंड आहे.

पण त्याआधी उष्णता. लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीची धावपट्टी ज्यांनी पाहिली आहे त्यांना रांगेची कल्पना आहे. ऊन वर, पुढच्या गाडीचा गरम वारा समोर, आणि तुमचं इंजिन चालू. लॉगमध्ये, म्हणजे गाडीच्या सेन्सरच्या नोंदींत, बाहेरचं तापमान ३१ असताना इंजिनात शिरणारी हवा सुटण्याच्या रेषेवर ५८ अंश होती आणि धाव संपताना ६७. हवा १० अंशांनी तापली की घनता तीन टक्क्यांनी उतरते, पण खरा मार इग्निशनवर पडतो. नॉक (इंधन अवेळी पेटल्याची ठोक) ऐकू आला की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठिणगीचं टायमिंग मागे घेतो. माझ्या लॉगमध्ये तिसऱ्या सिलिंडरला साडेचार अंश कापलेले आहेत, तेही चौथ्या गिअरमध्ये, जिथे टायर पूर्ण ताकद घ्यायला तयार असतो.

यात डोंगराचा वाटा आहे. लोणावळ्याचीच उंची सव्वासहाशे मीटरच्या आसपास, म्हणजे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे सात टक्के कमी. टर्बोची गाडी हे भरून काढते खरं, पण फुकट नाही. मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत) २.२ बार निरपेक्ष दाब हवा असेल तर मुंबईत टर्बोला हवा २.१७ पट दाबावी लागते, इथे २.३३ पट. जास्त दाबली की जास्त तापते. माझ्या गाडीचा मूळ आयएस२० टर्बो छोटा आहे, ६००० आरपीएमनंतर त्याचा दम तसाही संपतो. म्हणून मुंबईच्या मित्राचा मॅप घाटावर तसाच्या तसा चालवू नका.

उपाय तीन. एक, इंधन. इंडियन ऑइलचं एक्सपी१०० डिसेंबर २०२० पासून पुणे-मुंबईत मिळतं. लिटरला दीडशेच्या वर पडतं, पण शर्यतीच्या दिवशी टाकी थोडीच भरायची असते. १०० ऑक्टेन नुसतं ओतून मात्र पदरात फार पडत नाही. मॅप त्याच्यासाठी बांधलेला हवा. दोन, प्लग एक पायरी थंड आणि गॅप ०.६ मिमी, बूस्ट (टर्बोचा दाब) वाढल्यावर ठिणगी विझू नये म्हणून. तीन, मोठा इंटरकूलर, म्हणजे टर्बोतून आलेली हवा थंड करणारा रेडिएटर. हाच माझा पुढचा खर्च. रांगेत बर्फाच्या पिशव्या ठेवून काम भागतं असं सांगणारे आहेत. ठेवा जरूर, पण दुपारी तो बर्फ पहिल्या धावेपर्यंत टिकवून दाखवा.

त्याच्याबरोबर गिअरबॉक्सचं ट्यूनिंग, म्हणजे त्याच्या संगणकाचं, टीसीयूचं. डीक्यू२५० ची (हाच माझा डीएसजी) कंपनीची मर्यादा ३५० ते ४०० एनएमच्या घरात आणि माझा मॅप त्याच्या वर आहे. क्लच ओले आहेत म्हणून तग धरतात, पण क्लचचा दाब वाढवून घेतलेला बरा. शिवाय लाँच कंट्रोलचे (उभ्या गाडीतून आपोआप जोरात सुटण्याच्या सोयीचे) आरपीएम आपल्या टायरप्रमाणे ठरवता येतात. मूळ सेटिंगला ते ३२०० च्या आसपास सोडतं, घाटावरच्या धुळीत मला २६०० पुरे वाटतात. आणि डीएसजीचं तेल वेळेवर बदला. ६०,००० किलोमीटरचा आकडा घर ते ऑफिस करणाऱ्यासाठी आहे, लाँच मारणाऱ्यासाठी नाही.

डाउनपाइप मागे ठेवलाय. आयएस२० वर त्याने थोडी ताकद आणि बराच आवाज मिळतो. कॅटलिस्ट (धूर स्वच्छ करणारा भाग) काढून टाकलेला पाइप रस्त्यावर चालवणं बेकायदा आहे, पीयूसीला भांडणं वेगळी. घेईन तेव्हा हाय-फ्लो कॅटचाच (धुराला कमी अडवणाऱ्या कॅटलिस्टचा) घेईन.

राहिला आयएस३८, फोक्सवॅगन गोल्फ आरचा मोठा टर्बो. तो जवळपास तसाच जागेवर बसतो आणि ६००० नंतर खरी मजा देतो. विरोधक म्हणतात की लॅग येईल, म्हणजे बूस्ट उशिरा येईल. मला उलट वाटतं. पहिल्या गिअरमध्ये बूस्ट उशिरा आला तर पुढच्या चाकांच्या गाडीला ते बरंच आहे. अडचण पैशाची आणि साखळीची आहे. टर्बो आला की इंधनपंप, मग क्लच, मग ड्राइव्हशाफ्ट. रेषेवरचा वेग आत्ताच्या टर्बोवर १७० ला टेकल्याशिवाय त्या वाटेला जाणार नाही. डिफरन्शियललाही (दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या भागाला) तोवर हात नाही.

एक विनंती नेहमीचीच. हे आकडे धावपट्टीवरचे आहेत. रात्री बायपासवर जीपीएसची डबी लावून १३.९ काढला असं मला पाठवू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ (रस्त्यावर शर्यत लावण्याबद्दलचं) आहेच, आणि तिथे समोरून ट्रॅक्टर येतो.

इंटरकूलर आलाय, बंपर या रविवारी उतरवतो. आधी आणि नंतर, एकाच इंधनावर आणि जमेल तितक्या सारख्या हवेत तापमानाचे लॉग घेईन. कुणाकडे २२५/४५ आर१७ मध्ये ताज्या तारखेचे सेमी-स्लिक पडून असतील, तर किंमत सांगा.