सिस्टर, सरकारीत न्यायचं की प्रायव्हेटला?

निवृत्त झाले तरी फोन थांबलेले नाहीत. सातारा-सांगली पट्ट्यातल्या सरकारी रुग्णालयांत परिचारिका म्हणून नोकरी झाली, त्यामुळे भावकीत, शेजारी, जुन्या पेशंटच्या घरी कुणी आजारी पडलं की विचारणा माझ्याकडे येते: "सिस्टर, सरकारीत न्यायचं की प्रायव्हेटला?" बऱ्याचदा उत्तर त्यांचं आधीच ठरलेलं असतं. ऐपत असेल तर प्रायव्हेट, नसेल तर सिव्हिल. मला हे मुळीच पटत नाही. का पटत नाही ते एकदा सविस्तर सांगते.

आधी आजार बघा, खिसा नंतर. साप चावला असेल तर विचार करत बसू नका, जवळचं सरकारी रुग्णालय गाठा. उसाच्या फडात घोणस चावलेला माणूस आला की आम्ही काचेच्या स्वच्छ, कोरड्या टेस्ट ट्यूबमध्ये त्याचं दोन मिली रक्त घ्यायचो आणि ती नळी वीस मिनिटं अजिबात न हलवता उभी ठेवायचो. मग हळूच तिरकी करायची. रक्त गोठलं असेल तर ते तळाशी धरून राहतं. पाण्यासारखं वाहिलं, तर विष अंगात भिनलेलं आहे, प्रतिसर्पविष लगेच सुरू. याला मशीन लागत नाही. भिंतीवरचं घड्याळ लागतं आणि नातेवाइकांना नळीला हात लावू न देणारी सिस्टर लागते. औषध कपाटात असतं आणि त्याचे पैसे कुणी मागत नाही. पण गाडी करून आधी मोठ्या प्रायव्हेटला न्यायचं, तिथे "आम्ही सापाची केस घेत नाही" ऐकायचं, मग दुसरीकडे डिपॉझिटची जुळवाजुळव करायची, यात जे तास जातात ते परत मिळत नाहीत. पोरगं गेलं ते विषानं गेलं असं सगळे म्हणतात. माझ्या मते अशी बरीच माणसं रस्त्यातल्या तासांनी गेली.

विंचवाचंही तसंच. आज कोकणात विंचवाच्या दंशानं माणूस सहसा दगावत नाही, याचं मोठं श्रेय डॉ. हिंमतराव बावस्करांना आहे. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला असताना लाल विंचू चावलेल्या पेशंटपाशी ते रात्र रात्र बसले, लक्षणांच्या नोंदी ठेवल्या, आणि पुढे प्राझोसिन नावाच्या रक्तदाबाच्या साध्या गोळीनं हे मृत्यू थांबवता येतात हे जगाला दाखवून दिलं. सरकारी केंद्रातल्या डॉक्टरपाशी काय असतं असं कुणी म्हणालं की मी हे नाव घेते.

कुत्रं चावलं, क्षय झाला, बाळाच्या लशी द्यायच्या आहेत, इथेही माझं उत्तर सरकारीच. क्षयाचा कोर्स पूर्ण होईपर्यंत गोळ्या फुकट मिळतात, पोषणासाठी दरमहा खात्यावर पैसे येतात (२०१८ साली ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १०००), आणि पेशंटनं गोळ्या मधेच सोडल्या तर विचारायला कुणीतरी घरी येतं. प्रायव्हेटमध्ये पेशंट यायचा थांबला तर तो बरा झाला की कंटाळला, हे बघायला सहसा कुणी जात नाही.

बाळंतपणाबद्दल लोक हमखास आकडे सांगतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या खाजगी रुग्णालयांतली ४७.४ टक्के बाळंतपणं सिझेरियननं झाली, सरकारीतली १४.३ टक्के. आकडे खरे आहेत आणि त्यातलं बरंच सिझर गरजेचं नव्हतं असं मलाही वाटतं. पण पूर्ण खरं सांगायचं तर सरकारीतल्या कमी आकड्यामागे आमची उणीवही आहे. तालुक्याच्या रुग्णालयात रात्री बऱ्याचदा भूलतज्ज्ञ नसतो. बाळाचे ठोके कमी झाले की आम्ही १०८ बोलावून बाईला सिव्हिलला पाठवतो. म्हणून गरोदरपणातच विचारून ठेवा की इथे रात्री सिझर होतं का. होत असेल तर बाळंतपण सरकारीतच करा: औषधं, रक्त, जेवण, घरी सोडायची गाडी, सगळं मोफत आहे. होत नसेल आणि बाई जोखमीची असेल, तर कळा सुरू व्हायची वाट न बघता आधीच सिव्हिलला जा.

मग प्रायव्हेट कधी? जे ऑपरेशन ठरवून करायचं आहे, ज्यात डॉक्टर कोण हे महत्त्वाचं आहे, तेव्हा. आमच्या ह्यांची अँजिओप्लास्टी आम्ही प्रायव्हेटलाच केली. तारीख मिळाली, डॉक्टरांनी बसून समजावून सांगितलं, वॉर्ड स्वच्छ होता. हे सुख खोटं नाही, आणि एका राउंडमध्ये ज्याला शंभर पेशंट बघायचे आहेत त्या सरकारी डॉक्टरकडून ते मिळणं कठीण आहे. पण तिथेही दोन गोष्टी आम्ही पाहून घेतल्या. एक म्हणजे स्टेंटची, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या जाळीच्या नळीची किंमत. २०१७ च्या फेब्रुवारीत सरकारनं औषध लावलेल्या स्टेंटवर २९,६०० रुपयांची मर्यादा घातली. तो आकडा नंतर वेळोवेळी बदलला, पण मर्यादा आहे, आणि स्टेंटची रक्कम बिलात वेगळी दाखवावी लागते. दुसरी महात्मा फुले जन आरोग्य योजना, म्हणजे ठरलेल्या रुग्णालयांत मोफत उपचार देणारी सरकारी योजना. आता पांढऱ्या रेशनकार्डालाही ती लागू आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. मात्र भरती होतानाच आरोग्यमित्राच्या, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाच्या टेबलावर जायचं. रोख पैसे भरून दाखल झालात आणि चार दिवसांनी योजना आठवली, तर बहुतेक ठिकाणी हात वर करतात.

खरं तर हा सगळा खटाटोप मी पुढच्या गोष्टीसाठी करते आहे. सगळ्यात वाईट निवड सरकारी नाही आणि प्रायव्हेटही नाही. सगळ्यात वाईट म्हणजे आधी प्रायव्हेट आणि पैसे संपले की सरकारी.

आमच्याकडे असे पेशंट पहाटे यायचे. अँब्युलन्समधून उतरवतानाच तोंडात नळी, मावशी अंबू बॅग, म्हणजे हातानं श्वास द्यायची पिशवी, दाबते आहे, आणि पाठोपाठ मुलगा, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जाडजूड फाइल. फाइल उघडली की आधी बिलं आणि शेवटच्या पानावर डामा, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध आपल्या मर्जीनं नेत असल्याची सही. मर्जी कसली त्यात? आठ दिवसांचं आयसीयू झालं, म्हैस गेली, सोनं गेलं, आणि मग कुणीतरी हळूच सांगितलं की आता सिव्हिलला घेऊन जा. तोवर मूत्रपिंडं गेलेली, पाठीला जखमा. आम्ही जे करता येईल ते करायचो. पेशंट चोवीस तासांत गेला की मृत्यूची नोंद आमच्या रजिस्टरला, आणि गावात बोलणं काय, तर "सिव्हिलला नेलं आणि मारलं".

२०२३ च्या ऑक्टोबरात नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ माणसं गेली, त्यात १२ नवजात बाळं होती. सगळा महाराष्ट्र हादरला, हादरायलाच हवा होता. औषधांचा तुटवडा, रिकाम्या जागा, एका सिस्टरकडे किती बाळं, यावर बोललं गेलं ते योग्यच झालं. प्रशासनानं तेव्हा असंही सांगितलं की बरेच पेशंट खाजगीतून शेवटच्या अवस्थेत आले होते. ही सबब म्हणून मला चालत नाही, पण ते घडतं हे मी स्वतः पाहिलेलं आहे. खाजगीतून हलवलेला पेशंट तिथल्या मृत्यूंत मोजला जात नाही. मग कुठे माणसं जास्त मरतात याची तुलना करायची तरी कशी?

म्हणून आयसीयूत न्यायचं असेल तर पहिल्याच दिवशी विचारा: रोजचा खर्च किती, किती दिवस लागतील असं वाटतं, योजनेत बसतं का. खाजगी रुग्णालयांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं २०२१ पासून बंधनकारक आहे, ते वाचा. तेवढे दिवस झेपणार नसतील तर पेशंट बोलता-चालता आहे तोवर सरकारीत आणा. लाज कसली वाटते? "वडिलांना सरकारीत टाकलं" असं पाहुणे म्हणतील म्हणून कर्ज काढणारी शिकली-सवरली माणसं बघितली की मला राग येतो.

आणि सरकारीत आलात की गप्प बसू नका. औषधं बाहेरून आणा म्हणून चिठ्ठी दिली तर स्टोअरमध्ये का नाही हे लेखी विचारा, वैद्यकीय अधीक्षकांना भेटा. ज्यांना अर्ज लिहिता येतो, ज्यांचं आमदाराकडे ऐकलं जातं, ते सगळे प्रायव्हेटला निघून गेले. रांगेत उरले ते ज्यांचं कुणी ऐकत नाही. मग भूलतज्ज्ञाची जागा रिकामी राहिली तर बोंब कोण मारणार?

लोक शेवटी विचारतात, "तुम्ही स्वतः कुठे जाल?" पक्षाघात झाला तर मला जवळ जिथे सीटी स्कॅन चोवीस तास चालू असेल तिथे न्या, मग ते कुणाचंही असो. ठरवून करायचं ऑपरेशन असेल तर योजनेतल्या चांगल्या प्रायव्हेटला. आणि आजार लांबणार असं डॉक्टर म्हणाले, तर पहिल्या दिवसापासून सिव्हिल. मुलाला मी हे सांगून ठेवलं आहे, आणि रेशनकार्ड, आधार कुठल्या कप्प्यात आहे तेही.