ओळखपत्राची बायोमेट्रिक चाचणी: ९६ टक्के यश, पण कोणाचं?

बायोमेट्रिक यंत्रणेचा चाचणी अहवाल हातात आला की यशाच्या टक्केवारीआधी एक गोष्ट शोधावी. ज्यांची नोंदणीच होऊ शकली नाही, त्यांना कुठे मोजलंय?

ब्रिटनमध्ये ओळखपत्राच्या योजनेआधी, २००४ साली, पासपोर्ट विभागाने सुमारे १०,००० स्वयंसेवकांवर चेहरा, बुबुळ आणि बोटांचे ठसे हे तिन्ही प्रकार आजमावले. २,००० जणांचा एक गट लोकसंख्येच्या प्रमाणात निवडलेला होता, ७५० अपंग व्यक्तींचा गट वेगळा ठेवला होता. पहिल्या गटात पडताळणीचं, म्हणजे 'हा नोंदवलेला तोच माणूस' असं ओळखण्याचं, यश असं आलं: बुबुळ ९६ टक्के, ठसे ८१, चेहरा ६९. एवढंच वाचलं तर बुबुळ जिंकलं. पण त्याच गटात बुबुळाची नोंदणी ९० टक्के लोकांचीच झाली होती, आणि अपंग गटात फक्त ६१ टक्के. नोंदणीतच अडकलेला माणूस पडताळणीच्या हिशेबात येत नाही. दोन्ही आकड्यांचा गुणाकार केला की ९६ चे ८६ होतात. अपंग गटात पडताळणी ९१ टक्के होती, म्हणजे गुणाकार ५५-५६ वर येतो. राष्ट्रीय योजनेत कोणालाही 'तुम्ही नको' म्हणता येत नाही, म्हणून माझ्या मते ठळक अक्षरात हा गुणाकारच छापला पाहिजे.

यातूनच नमुना कसा निवडायचा तेही ठरतं. ऑफिसातल्या तरुण कर्मचाऱ्यांचे ठसे घेऊन कुठलाही स्कॅनर पास होतो. बांधकाम, शेती, धुणीभांडी, सिमेंट-चुन्याची कामं करणाऱ्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात, वयस्कर माणसांची कातडी कोरडी आणि सैल असते. असे लोक नमुन्यात मुद्दाम जास्त घ्यावेत आणि त्यांचे निकाल वेगळे मांडावेत. सरासरीत ते बुडवले की चाचणीचा उपयोगच संपतो.

नमुना किती मोठा हवा? दोन वेगळ्या माणसांच्या ठशांच्या ३,००० स्वतंत्र तुलनांमध्ये एकही चुकीची जुळणी झाली नाही, तरी ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की चुकीचं प्रमाण हजारात एकापेक्षा कमी आहे. 'शून्य चुका' हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. यातला 'स्वतंत्र' हा शब्द महत्त्वाचा. १,००० माणसांच्या जोड्या ४,९९,५०० होतात खऱ्या, पण तीच माणसं पुन्हा पुन्हा येत असल्यामुळे त्यांना पाच लाख वेगळ्या चाचण्या समजू नये.

नोंदणी आणि पडताळणी एकाच दिवशी, एकाच स्कॅनरवर केली तर निकाल हमखास गोड येतात. मध्ये काही आठवडे जाऊ द्यावेत, पडताळणीला वेगळ्या बनावटीचं यंत्र ठेवावं आणि किती प्रयत्नांची मुभा ते आधीच लिहून ठेवावं. तीन प्रयत्नांनंतरचा नकार आणि पहिल्याच प्रयत्नातला नकार हे दोन वेगळे आकडे आहेत. दुसऱ्या फेरीला न आलेल्यांचा माग काढावा, कारण पहिल्या दिवशी त्रास झालेलेच बहुधा पुन्हा येत नाहीत.

आता प्रत्यक्ष टेबलावर काय बिघडतं ते बघू. चार बोटं, चार बोटं, मग दोन अंगठे असा क्रम असतो. कोरड्या बोटाची रेषा तुटून ठिपक्यांची होते, तिथे ओलसर कापडाचा हलका स्पर्श पुरतो. बोट फार ओलं असेल किंवा जोरात दाबलं तर शेजारच्या रेषा एकमेकींत मिसळतात. काचेवर आधीच्या माणसाचा तेलकट ठसा उरला की तोही चित्रात उतरतो, म्हणून ती वरचेवर पुसायची. स्कॅनरवर थेट ऊन पडू देऊ नये. उजव्या हाताच्या जागी डावा हात ठेवला गेला तर सॉफ्टवेअर ते प्रत्येक वेळी पकडेलच असं नाही. बुबुळाच्या वेळी चष्मा काढायचा आणि डोळे नीट उघडे ठेवायचे. डोळा स्थिर न राहणाऱ्या माणसासाठी मात्र ऑपरेटरकडे वेळ आणि धीर दोन्ही लागतात, त्यामुळे नोंदणीला लागलेला वेळही नोंदवावा.

डावा-उजवा अशा गोंधळामुळे निकालात खोट्या चुका शिरतात. दोन वेगळ्या माणसांचे ठसे जुळल्याचं दिसलं की आधी डोळ्यांनी ती चित्रं तपासावीत, कारण बऱ्याचदा एकाच माणसाला दोन क्रमांक दिलेले सापडतात. काढून टाकलेली प्रत्येक नोंद कारणासह अहवालात हवी.

'हा तोच माणूस का' ही पडताळणी तुलनेने सोपी. 'हा आधीच नोंदवलेला आहे का' हे शोधणं फार अवघड. समजा, दहा लाख तुलनांत एक चुकीची जुळणी होते. सहा कोटी लोकांच्या डेटाबेसमध्ये प्रत्येक नव्या माणसामागे अशा ६० जुळण्या निघतील. म्हणून एका बोटावर भागत नाही. आधारमध्ये दहा बोटं आणि दोन्ही बुबुळं घेतली. २०१२ साली जाहीर झालेल्या आकड्यांनुसार ८.४ कोटी नोंदी असताना ०.०५७ टक्के नव्या लोकांना चुकून 'आधीच नोंद आहे' असं ठरवलं गेलं. दिवसाला दहा लाख नोंदण्या धरल्या तर ही ५७० माणसं होतात. ती प्रकरणं हाताने तपासणाऱ्यांची सोयही चाचणीतच आजमावावी.

बनावट बोटांची चाचणी शेवटी करतात, आणि ती घाईत उरकली जाते. जिलेटिन, सिलिकॉन, लेटेक्स अशा प्रत्येक पदार्थाची बोटं वेगळी तपासावीत आणि त्यातला सर्वांत वाईट आकडा अहवालात द्यावा. बनावट बोट ओळखण्याची सोय सुरू केली की काही खरी कोरडी बोटंही नाकारली जातात. त्यामुळे ती सुरू ठेवून झिजलेल्या बोटांच्या गटाची पडताळणी पुन्हा घ्यावी लागते, आणि वरचा गुणाकारही नव्याने करावा लागतो.