तुम्ही विचारलंत म्हणून: मातीला न पोचलेले

‘ज्यांना घरच्यांनीच टाकलं, त्यांची थडगी तुम्ही कशाला शोधता?’ मोडी वाचायला बसते तिथे कुणीतरी हे विचारतंच. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

घरच्यांनी टाकलं, हेच मला मान्य नाही. ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 सालचं. कुणी जरा वेगळं वागलं की ‘याला ठाण्याला धाडा’ म्हणायचे. त्या बोलण्याच्या धाकानं किती घरांनी आपल्या माणसाचं नाव घेणं सोडलं असेल! मी काम करते ती दफनभूमी शहरातल्याच एका जुन्या संस्थेमागे आहे. कुठली ते सांगत नाही. गेलेल्या माणसाचा आजारही त्याचा खासगीच.

तिथे दगड जवळपास नाहीतच. पहिल्या दोन-चार मोठ्या सरी झाल्या की मी जाते. माती खचलेल्या जागी पाणी साचतं, आणि गवत वाढायच्या आत लांबट डबकी एका रांगेत दिसतात. मोजमाप घ्यायचं ते तेवढ्याच आठवड्यात. एका दगडावर नुसता आकडा आहे. दुपारी काहीच दिसत नाही. संध्याकाळी बाजूनं बॅटरी धरली की 47 उठून येतो.

47 कोण, हे कळायला तीन वर्षं लागली. संस्थेच्या वहीत एक बाई, रत्नागिरीकडचं गाव, ‘उजव्या दंडावर तुळशीवृंदावन गोंदलेले’. मृत्यू जुलैमधला. तेव्हा पावसाळ्यात कोकणच्या बोटी बंद असत. कोकण रेल्वे पुरती सुरू व्हायला 1998 उजाडलं. कार्ड पोचणार कधी, माणूस निघणार कधी? मातीला येता आलं नाही, याला टाकणं म्हणत नाहीत हो.

गावाच्या नमुना 14 मध्ये, म्हणजे जन्ममृत्यूच्या बुकात, तिचं नाव मिळेना. हल्ली कुणबी नोंदींसाठी हीच मोडी बुकं लोक धुंडाळतात, त्यामुळे काय हवंय ते तलाठ्याला समजावावं लागलं नाही. शेवटी उलगडलं: वहीत बाईनं माहेरचं नाव लावलं होतं. शेजारच्या गावच्या बुकात तिच्या मुलाचा जन्म सापडला, आणि त्यावरून नात. सत्तरी उलटलेली.

फोनवर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘तिथी माहीत नव्हती, म्हणून आम्ही आजीला सर्वपित्रीलाच पान वाढायचो. आता कधी वाढू?’

जुनं पंचांग काढून तारीख जुळवली आणि तिला कळवलं: आषाढ वद्य पंचमी.