बॅटरी कुठे लपवलीय?

रॅम्पवर एखादा विजेच्या दिव्यांचा झगा लखलखत येतो, लोक आ वासून बघतात आणि माझी नजर मात्र त्याच्या कमरेपाशी, पाठीवरच्या चुण्यांत भिरभिरते. बॅटरी कुठे लपवलीय? जादूगाराच्या बाहीवर डोळा ठेवणाऱ्या खवचट प्रेक्षकासारखी ही खोड. आता ती जायची नाही.

प्रश्न तसा जुनाच. १८८३ साली न्यूयॉर्कमधल्या एका बड्या नृत्यसमारंभाला ॲलिस व्हँडरबिल्ट चक्क ‘विजेचा दिवा’ बनून आल्या होत्या. पोशाख पॅरिसचे वेशभूषाकार वर्थ यांच्याकडचा, हातात उंच धरलेली मशाल आणि ती उजळायला लागणारी बॅटरी पोशाखातच दडवलेली. त्या काळातले घोळदार झगे पाहता जागेची वानवा नव्हती म्हणा! त्याच शतकात पॅरिसमध्ये गुस्ताव त्रुवे विजेवर चालणारे दागिने करत होता. त्याच्या एका टायपिनवर इवलीशी कवटी होती. सेल खिशात. तो सुरू केला की कवटी डोळे फिरवायची, दात वाजवायची. सभ्य गृहस्थांना असले चाळे सुचायचे, हे वाचून बरं वाटतं.

आत्सुको तानाका या जपानी चित्रकर्तीने १९५६ मध्ये लपवाछपवीच निकालात काढली. रंगवलेले सुमारे २०० दिवे आणि तारांचे झुबके, सगळं उघड्यावर. हा पोशाख ती स्वतः अंगावर चढवायची. तापलेल्या काचेत उभं राहायचं म्हणजे गंमत नव्हे. मला विचाराल तर २००९ च्या, चोवीस हजार एलईडींच्या ‘गॅलेक्सी ड्रेस’पेक्षा हा पोशाख जास्त धीट. दिवे वाढवत नेण्यात मला फारसं कौतुक वाटत नाही.

कौतुक आहे ते सुईदोऱ्याचं. लिआ ब्यूकली यांनी घडवलेला ‘लिलीपॅड’, म्हणजे कपड्यावर शिवता येणारा, दिवे चालवणारा इवलासा संगणक, २००७ मध्ये बाजारात आला. पाच सेंटिमीटर व्यासाची जांभळी, गोल चकती आणि कडेने पाकळ्यांसारखी भोकं. डाखणी म्हणजे सोल्डरिंग नको. वीज वाहून नेणारा दोरा त्या भोकांतून ओवायचा, तीनचार टाके घट्ट घ्यायचे, झालं. बोलायला सोपं. पोलादी तंतूंचा हा दोरा ताठर असतो, त्याची गाठ आपसूक सुटते, म्हणून तिच्यावर नेलपॉलिशचा थेंब सोडायचा. अधिकची आणि उण्याची ओळ एकमेकींना चुकूनही शिवता कामा नये. कापडाच्या मागे सुटलेलं एखादं शेपूट पलीकडच्या ओळीला टेकलं की शॉर्टसर्किट. शिवाय दोऱ्याला तांब्याच्या तारेपेक्षा रोध जास्त, त्यामुळे लांबचा दिवा मिणमिणतो. इथे इंजिनिअरपेक्षा सुबक धावदोरा घालणारा माणूस हवा. आणि बॅटरी? ती टिचबटणांवर बसवायची, धुताना काढून ठेवायची.

दोऱ्यातून वीज नेण्यासाठी नवा दोरा शोधावाच लागला असंही नाही. एमआयटीत १९९० च्या दशकात मॅगी ऑर्थ, रेहमी पोस्ट ही मंडळी कापडात सर्किट उतरवत होती, तेव्हा त्यांच्या हाती लागलं ते रेशमावर धातूची पातळ पट्टी गुंडाळून विणलेलं ऑर्गंझा. ते भारतात कितीतरी आधीपासून विणलं जात होतं. मिरवण्यासाठी घातलेली जर अशी कामाला लागली!

दागिन्यांचं मात्र बरं असतं. ते मुळातच कडक, त्यांना घडी घालायची नसते, आणि रात्री काढून डबीत ठेवायची सवय जुनीच. तीच डबी चार्जर झाली की संपलं. त्याहून चलाख म्हणजे नखावर चिकटवायचा एनएफसीचा (फोन टेकवून पैसे देताना वापरतात त्याच बिनतारी तंत्राचा) एलईडी. फोन जवळ नेला की लुकलुकतो आणि लागणारी वीज फोनच्याच चुंबकीय क्षेत्रातून ओढतो. इथे माझी खोड हरते. बॅटरी आहे, पण दुसऱ्याच्या खिशातली.

गूगल आणि लीव्हाइस यांनी २०१७ मध्ये एक डेनिम जॅकेट काढलं. डाव्या मनगटावरच्या कापडातच स्पर्श ओळखणारे धागे विणलेले. बाहीवरून बोट फिरवलं की गाणं बदलायचं. बॅटरी सुटी करता येणाऱ्या टॅगमध्ये. बॅटरी, धुणं, सगळ्याचा विचार केलेला. २०२३ मध्ये त्याचं ॲपच बंद झालं. जॅकेट अजून घालता येतं. थंडीत ऊबही देतं.